मी वाचलेला कौल

आमच्या घरात बोलणं अर्ध्यावर थांबायचं. वाकोल्याला आमच्या बैठ्या चाळीच्या डोक्यावरून विमानं उतरायची, इतकी खालून की पत्रे थरथरायचे आणि मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. पाहुणे आले की दचकायचे, कानांवर हात ठेवायचे. आम्ही वाक्य जिथं असेल तिथं सोडून द्यायचो आणि आवाज गेला की पुढचा शब्द उचलायचो. "आमटीत मीठ जरा," मग विमान, मग "कमी झालाहा." भांडणातही तेच. माझी आणि ताईची तोंडं अशी चालायची की शेजारचे दार लावून घ्यायचे, पण विमान आलं की दोघीही गप्प, एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या. कितीतरी भांडणं त्या थांब्यातच विझली, कारण आवाज ओसरला की दोघींपैकी एकीला तरी हसू यायचं. ताईचं लग्न होऊन ती घाटकोपरला गेली आणि मग भांडायलाही कुणी उरलं नाही.

विमान गेल्यावर ऐकू यायचा तो आबांचा खोकला. माझे वडील बावीस-तेवीस वर्षं गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते अंधेरीला एका कचेरीत लिफ्टमन झाले. "साह्यब लोकांका वर-खाली करतंय," असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पण मी बारावीला पोचले तोवर लिफ्टमधल्या स्टुलावर बसणंही त्यांना झेपेना. मग दाराशी खाटेवर, मांडीवर उशी घेऊन, पुढे वाकून बसलेले आबा हेच घराचं चित्र झालं. खोकला सुरू व्हायचा तो घसा साफ केल्यासारखा, मग खोल ओढ लागायची आणि मग एकदम शांतता. ती शांतता वाईट होती. आईचा हात पळीवर थांबायचा, माझी पेन्सिल वहीवर. श्वास परत आला की आई थुंकायला राखेचा डबा पुढे करायची आणि आम्ही पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. आज मी मुलुंडला सातव्या मजल्यावर राहते, खिडक्या बंद केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही. तरी भाजी परतताना माझा हात कधीकधी आपोआप थांबतो.

खाण्याची मात्र आमच्याकडे चंगळ होती, गरिबीतली असली तरी चंगळच. सकाळी अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका जवळा नाहीतर कुळथाची पिठी. मंगळवारी आणि शुक्रवारी खारदांड्याची कोळीण टोपली घेऊन यायची आणि आईची तिच्याशी अर्धा तास घासाघीस चालायची, त्यात दोघी एकमेकींच्या सुनांची चौकशीही करून घ्यायच्या. आईला सून नव्हती, तरी. माशाचं डोकं माझ्या ताटात पडायचं. "खा गो बाय, डोक्यात डोका जाता," असं आबा म्हणायचे. मी वर्गात पहिली यायचे याचं सगळं श्रेय ते बांगड्याला द्यायचे.

त्या डोक्याच्या जोरावरच म्हणा, मी उत्तरेतल्या एका फार नावाजलेल्या विद्यापीठाला अर्ज केला होता. मला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. का, तर आमच्या कॉलेजातल्या एका बाईंनी प्रकाशाबद्दल जे काही शिकवलं होतं त्याने मी अक्षरशः पागल झाले होते. परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि एका दुपारी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. मी उभ्याउभ्याच वाचलं. भौतिकशास्त्राच्या यंदाच्या जागा भरल्या होत्या. पण माझे गुण पाहून त्यांनी दोन पर्याय दिले होते. पहिला, अ: याच वर्षी यायचं, पण संख्याशास्त्राला, आणि वसतिगृहात खोली नक्की. दुसरा, ब: एक वर्ष घरी राहून इथल्याच कॉलेजात शिकायचं, आणि पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राची जागा माझ्यासाठी राखलेली. सोबत एक चिठ्ठी होती, लागू नसेल तो पर्याय खोडून एकवीस दिवसांत परत पाठवायची.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली. एका बाजूला अ, दुसऱ्या बाजूला ब. ब च्या खाली लिहीतच गेले: माझा विषय. आबांजवळ वर्षभर. आईला मदत. दादर-माटुंग्याची चांगली ग्रंथालयं. अ च्या खाली काय लिहायचं सुचेना. शेवटी लिहिलं, "खोली." आणि पेन खाली ठेवलं. कुठल्याही शहाण्या माणसाने तो कागद बघून ब निवडला असता. ताई रविवारी आली तेव्हा तिने बघितला आणि म्हणाली, "यात विचार काय करतेस? सरळ ब आहे. वर्षच तर थांबायचंय."

"वर्षाचं दीड होतं, दीडाची दोन होतात," मी म्हटलं. "मग कोणीतरी स्थळ घेऊन येतं."

"तुला स्थळं कोण आणतंय, तोंड बघ आरशात," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सुमे, आबांकडे बघ ना जरा. वर्ष म्हणजे काय असतं त्यांना, तुला कळतंय का?"

मला कळत होतं. त्याचीच तर भीती होती. आज इतक्या वर्षांनी सरळ लिहून टाकते, मला त्या खोकल्यापासून पळायचं होतं. स्थळाबिळाचं सगळं सोंग होतं. मला अशा एका खोलीत झोपायचं होतं जिथं कुणाचा श्वास अडकत नाही. त्यासाठी मी प्रकाश सोडायला तयार होते, संख्या मोजत जन्म काढायला तयार होते. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. पण बापाच्या खोकल्याचा कंटाळा आलाय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आबांना मी दोन्ही पर्याय समजावून सांगितले. ते उशीवर हात ठेवून ऐकत होते. मध्ये दोन विमानं गेली. मग म्हणाले, "माझ्या तोंडान मी काय सांगूचंय नाय. ऱ्हव म्हटलंय तर माझो स्वार्थ. जा म्हटलंय तर उद्या तुझी आई माका बोलतली. रवळनाथाक इचारूया. तो सांगात तसा."

आमच्या गावी काही ठरेनासं झालं की देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, आणि उजवीकडची कळी आधी पडली की एक उत्तर, डावीकडची पडली की दुसरं. लग्नं, विहिरी, वाटण्या, सगळं त्या कळ्यांवर ठरलेलं. मी चिडले. "आबा, देवाला काय कळतंय संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्र?"

"तेका शास्त्र इचारूचा नाय. जाव काय ऱ्हव, तेवढाच इचारूचा," आबा म्हणाले, आणि मला कागद घ्यायला लावला. गावी माझे मामा होते, आईचे थोरले भाऊ, देवळाच्या खालच्याच वाडीत. त्यांना पत्र माझ्याच हातून गेलं, कारण आबांचे डोळे मोतीबिंदूने गढूळ झाले होते आणि आई सहीपुरतीच शिकलेली. उजवा दिला तर यंदा धाडतो. डावा दिला तर वर्षभर घरी ठेवतो. असं स्वच्छ, मराठी शाळेच्या अक्षरात मी लिहिलं. लिहिताना काही लबाडी केली नाही. त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहायला हवं.

उत्तर यायला चौदा दिवस लागले. त्या दिवसांत आई पोस्टमनच्या वेळेला मुद्दाम दारात काहीतरी निवडत बसायची. पत्र आलं तेव्हा तिच्या सुपात तांदूळ होते. आबा खाटेवर सरळ होऊन बसले, डोक्याला टोपी घातली. देवाचा शब्द उघड्या डोक्याने कसा ऐकायचा? मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून पत्र फोडलं. मामांचं अक्षर मोठं आणि तिरकं. ती. भाऊजींस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम. आपले पत्र पोचले. आपल्या म्हणण्याप्रमाणे देवास विचारले. देवाने कौल दिला तो,

आणि विमान आलं.

पत्रे थरथरले, ताटं किणकिणली. पुढचा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. "डावा." मामांनी त्याच्याखाली रेघही ओढली होती. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे तोंड असेल त्या दिशेला बघत होते. आईचे हात सुपात थांबलेले. सवयीने सगळे थांबले होते आणि मला दहा-बारा सेकंद मिळाले. विमान आलं नसतं तर मी तो शब्द वाचून मोकळी झाले असते. जीभ डोळ्यांच्या मागे आपसूक गेली असती. पण ते सेकंद मिळाले. आवाज चाळीमागच्या पाण्याच्या टाकीपलीकडे गेला आणि आबांनी विचारलं, "काय दिल्यान?"

"उजवा," मी म्हटलं.

आबांनी हात जोडले. मग टोपी काढून उशीवर ठेवली. "बरा झाला," ते म्हणाले. "माझ्या मनात डावो होतो, खरा सांगतंय. पण तेका माझ्यापरीस जास्त कळता." आई तांदूळ निवडायला लागली, पण खडे बाजूला काढते आहे की तांदूळ, तिचं तिला कळत नव्हतं. मी तेव्हाही बोलू शकले असते. चुकून वाचलं म्हणाले असते, मामांचं अक्षर तिरकं होतंच. मी पत्राची घडी घातली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवरचा ब खोडला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून दिली. मामांचं पत्र ताईच्या हाती लागू नये म्हणून फाडून वाकोल्याच्या नाल्यात टाकलं. ताईने विचारलंच, "पत्र कुठंय?" मी म्हटलं, "देवाचं पत्र जपून ठेवलंय, तू हात लावू नकोस." इतकी निर्लज्ज झाले होते मी.

परवा ताईची नात माझ्याकडे आली होती, हातात फोन, दोन कॉलेजांची नावं आणि चेहऱ्यावर झोप नसलेली. "मावशीआजी, मिळालीय ती सीट फ्रीज करू की बेटरमेंटला जाऊ?" हातचं सोडून आणखी चांगल्याची वाट बघायला ही मुलं बेटरमेंट म्हणतात. तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय मी, शक्यता मोजणं हा माझा धंदा. तिने खूप आशेने विचारलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "तुला काय हवंय ते आधी मोठ्याने बोल. घरातल्यांसमोर बोल." ती म्हणाली, "ते नंतर गं, आधी कटऑफ बघ ना." मी चष्मा लावला आणि कटऑफ बघितले.

वसतिगृहातली खोली छान होती, दोन खिडक्यांची. पहिली रात्र मी ढाराढूर झोपले. दुसऱ्या रात्रीपासून झोप उडाली ती उडालीच, कारण तिथं इतकं शांत होतं की आबांच्या खोकल्यातली ती मधली शांतताच सगळीकडे पसरलीय असं वाटायचं. मी श्वास रोखून पुढच्या ओढीची वाट बघत पडायचे. घरून पत्रं यायची, आबा सांगायचे आणि शेजारची मुलगी लिहायची. सगळं बरं आहे. मांदेली स्वस्त झाली. अभ्यास कर. दिवाळीला मी गेले नाही, परीक्षा होती. मग थंडीत एका सकाळी वर्गातून मला बाहेर बोलावलं. तार होती. मी घरी पोचले तो तिसरा दिवस होता. खाट बाहेर ओट्यावर उभी करून ठेवली होती.

ताई माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून सांगितलं, "दिवाळीच्या आधीपासून ते आडवेच होते. मी तीनदा तार करायला निघाले. तिन्ही वेळा अडवलं मला. म्हणाले, देवान धाडल्यान तिका, मधे मी पडूचंय नाय. शेवटच्या दिवशी तुझं नाव घेत होते, मी म्हटलं, बोलवू का? तर मानेनेच नाही म्हणाले." मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार गं, कौलच तसा पडला." माझ्या घशाखाली तो भात गेला. कसा गेला ते माहीत नाही, पण गेला.

त्यानंतर मी गावाला जाणं टाळलं. लग्न, बारसं, जत्रा, काहीही असो, माझ्याकडे कारण तयार. रवळनाथाच्या समोर उभं राहायची माझी छाती नव्हती. मी देवाचा शब्द फिरवला आणि देवाने आबांना नेलं, असं मला मनातून वाटायचं. वर्गात फळ्यावर शक्यतेची सूत्रं लिहिणारी बाई आणि हे असलं वाटून घेणारी बाई, दोघी एकाच साडीत. नवऱ्याला सांगितलं नाही. आईला सांगायचं म्हणून कितीदा तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणायची, "पाय चेपतंस काय?" मी पाय चेपायचे. ती गेली, तेही राहून गेलं.

मामा नव्वदीला आले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, एकदा येऊन जा. मी पन्नाशी ओलांडली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दुपारची वेळ, मामी आत जेवणाची तयारी करत होत्या. मामा खळ्यात आरामखुर्चीत बसले होते, अंगाने काडी झालेले, पण कान तल्लख. मी त्यांच्या पायांशी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "मामा, तुम्ही त्या पत्रात डावा लिहिला होतात. मी आबांना उजवा वाचून दाखवला."

मामा खुर्चीत पुढे झाले. "काय वाचलंस?"

"उजवा. मला जायचं होतं म्हणून."

"नि भाऊजींनी माझो कागद बगलो नाय?"

"त्यांना दिसत कुठे होतं. मी वाचलं तेच त्यांनी ऐकलं."

मामांनी तोंड माडांकडे फिरवलं. मला वाटलं, आता शाप देतील. मग म्हणाले, "बाय, मी कौल लावूकच नाय."

मला कळलंच नाही. त्यांनीच मग सावकाश सांगितलं. आबांचं पत्र पोचलं त्याच दिवशी गुरवाच्या घरात माणूस गेलं होतं. घराला सुतक, बारा दिवस गुरव देवाला हात लावणार नाही. सुतक फिटेपर्यंत थांबावं तर माझी मुदत संपली असती. "मगे मी हयच बसान लिवलंय," ते म्हणाले. "भाऊजींचो सगळो जीव तुझ्यार. वर्सभर चेडू ऱ्हवली तर काय बिघाडता, म्हटलंय. डावो लिवलंय आणि खाली रेघ मारलंय. मागसून कळला तू गेलंस. माका वाटला, भाऊजींनी डावो कौल मोडून तुका धाडल्यानी, नि तेच्यापायी ते गेले. कौलच नसलेलो. माझ्या खोट्यान माणूस गेलो, ह्या घेवन बसलंय बाय मी इतकी वर्सा."

त्यांनी माझा खांदा धरला आणि पुन्हा विचारलं, लहान मुलाने खात्री करून घ्यावी तसं, "म्हणजे माझा खोटा भाऊजींपर्यंत पोचूकच नाय?"

"नाही मामा," मी म्हटलं. "नाही पोचलं."

"सुटलंय गो," ते म्हणाले, आणि रडले. मग डोळे पुसून आत हाक मारली, जेवण वाढा म्हणून. त्या दुपारी ते दोनदा भात मागून जेवले. मामी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणाल्या, भाची इली तशी भूक इली. मी त्यांना वाढत होते.

देवळात मी संध्याकाळी गेले. देवाची माफी मागायला इतकी वर्षं धीर गोळा केला होता आणि देवाचा त्यात काही संबंधच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तो काही बोललाच नव्हता. तारेला निघालेल्या ताईला आबांनी तीनदा अडवलं ते माझ्या शब्दाखातर. त्यांना मी हवी होते आणि त्यांनी मला हाक मारली नाही, कारण देवाचं नाव घेऊन मीच त्यांना गप्प बसवलं होतं.